भोला, तुफान आणि मी

बालाघाटपासून हट्ट्यापर्यंत असा एकही चालता-बोलता जीव नसेल, ज्याचा ताव माझ्या मोठ्या साळ्यांनी एकदा तरी तपासला नाही. बैल, नवरदेव, बसचा ड्रायव्हर, परीक्षेला निघालेली पोरगी, सरपंचपदासाठी उभा राहिलेला माणूस, कुणीही असो. दादा त्याच्यापुढे उभे राहतात, डोळे बारीक करतात, त्याच्या नाकपुड्यांकडे बघतात आणि निकाल देऊन टाकतात. "थंडा हाय," किंवा "जास्त झाला, आता हा तोडून जाते." तिसरा निकाल, म्हणजे "बरोबर हाय", त्यांच्या तोंडून फार कमी लोकांनी ऐकला आहे. माझ्या वाट्याला तो एकदा आला. ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्या वेळी कोण कोण बघतंय ते मोजत होतो.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. हट्ट्याच्या अलीकडे त्यांचं गाव. धानाची शेती, माणसांनी भरलेलं घर, आणि सगळ्या घराला पुरून शेजारच्या वाडीपर्यंत जाणारा आवाज. त्यांचे पणजोबा कधीतरी भंडाऱ्याकडून इकडे आले, येताना मराठी घेऊन आले आणि पटाचा नाद घेऊन आले. पुढच्या पिढ्यांत मराठीत हिंदी मिसळली. नादात काही मिसळलं नाही. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर एक हाकणारा आणि दोन्ही बाजूंना दहा गावांची गर्दी. दादा मिसरूड फुटल्यापासून छकडा हाकत आले. त्यांच्या मते बैल पायांवर धावतच नाही, तो तावावर धावतो. ताव कमी असेल तर झेंडी पडल्यावरही बैल उभ्या उभ्या रवंथ करतो. जास्त झाला तर झेंडीआधीच सुटतो, नाहीतर मैदान सोडून जिलेबीवाल्याच्या कढईकडे जातो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते आणि ती प्रत्येक बैलाची वेगळी असते. मी एकदा विचारलं की ती जागा ओळखायची कशी. तेव्हा दादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हट्ट्याच्या बावडीत पानी कोन्त्या पायरीले लागलं ते दिसते का नाई? तसा मले ताव दिसते."

हे ज्ञान बैलांपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. एकदा आम्ही उकव्याहून बसनं येत होतो. घाटात ड्रायव्हरनं जांभई दिली. दादा उठले, इंजिनाजवळच्या जागेवर जाऊन बसले आणि त्या अनोळखी माणसाच्या ड्रायव्हिंगची, मग त्याच्या गाडीची, मग त्याला लायसन देणाऱ्याची अशी काही निंदा सुरू केली की त्याची झोप पार उडाली. जरा जास्तच उडाली. भरवेलीचा थांबा आला आणि गेला, बस थांबली नाही. उतरणारे लोक पिशव्या घेऊन दारात उभे राहून ओरडत होते आणि दादा मागे वळून मला सांगत होते, "पाहा जवाईबापू, आला का नाई तावात?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सगळ्या बसनं आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, हे मला न बघताही कळलं.

स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी ऐन मांडवात नवरदेव थंड असल्याचं जाहीर केलं आणि बँडवाल्यांना त्याच्या कानाशी आणून उभं केलं. शेवटचं मंगलाष्टक संपता संपता त्या पोरानं हार असा काही भिरकावला की तो भटजींच्या गळ्यात पडला. आमच्या मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी ते पहाटेच गावाहून आले आणि तिच्या खोलीच्या दाराशी थाळी बडवू लागले. मुलगी हसत उठली. शेजारी हसले नाहीत. मी दारोदार जाऊन माफी मागून आलो. या घरात लग्न झाल्यापासून दादांच्या वतीनं माफी मागणं हे माझ्याकडेच आलेलं काम आहे. प्रत्येक ठिकाणी मी एक वाक्य न चुकता जोडत असे, ते म्हणजे "ते माझ्या बायकोकडचे आहेत." आता ते वाक्य आठवलं की तोंडात कडू चव येते.

मधली काही वर्षं पट बंद होते. सगळीकडेच बंद होते, कोर्टात प्रकरण चाललं होतं. दादांच्या गोठ्यात बैल होते, पण ते नांगराचे. त्यांना तावात आणून उपयोग काय? त्याच सुमारास ते एका संध्याकाळी आमच्याकडे आले, माझ्यासोबत भरवेलीला आले, आणि तिथे त्यांना आम्ही सापडलो.

मी भरवेलीच्या खाणीत हजेरी बाबू आहे, राहतो बालाघाटात. ड्यूटी संपल्यावर कॉलनीच्या मैदानात आम्ही चाळिशी ओलांडलेले काही जण व्हॉलीबॉल खेळतो. हिवाळ्यात आमच्यासारख्याच पोटं सुटलेल्या संघांचे सामने होतात. बघायला सगळी कॉलनी येते, कारण दुसरं बघण्यासारखं काही नसतं. आमच्या संघात मेश्राम स्मॅश मारायचा आणि बिसेन त्याला बॉल उचलून द्यायचा. सर्व्हिसची भिस्त माझ्यावर होती. उरलेल्या तिघांकडे दादांनी फारसं लक्ष दिलं नाही. जनावराले शेपूट लागतेच, एवढं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

मेश्रामच्या बाबतीत दादांचं निदान अचूक होतं, हे मान्य केलं पाहिजे. मेश्राम मुळात सज्जन माणूस, कुणाला दुखवायचं नाही असं ठरवून जगणारा. त्याचा स्मॅशही तसाच असायचा, समोरच्याला नीट झेलता येईल असा. दादांनी कुठूनतरी माहिती काढली की मेश्रामचा शेजारी रोज त्याच्या फाटकासमोर मोटारसायकल आडवी लावतो. मग प्रत्येक गेमच्या आधी ते मेश्रामच्या कानाशी लागून हळूच विचारायचे, "मेश्रामभाऊ, आजपण लावून गेला का तो?" मेश्रामचे कान लाल व्हायचे. पुढचा बॉल समोरच्या कोर्टात असा आदळायचा की लोक उठून उभे राहायचे. बिसेन जागेपणीही अर्धा झोपलेला असायचा, त्याच्यासाठी दादा खिशात हिरव्या मिरच्या आणायचे. ऐन वेळी एक चावायला द्यायचे. डोळ्यांतून पाणी काढत बिसेन बॉल उचलायचा, पण उचलायचा. आम्ही सामने जिंकू लागलो. कॉलनीत दादांना मान मिळू लागला. लोक त्यांना खुर्ची देऊ लागले.

राहिलो मी. माझा चेहरा असा आहे की आत काय चाललं आहे ते त्यावर येत नाही. ऑफिसात त्याचा उपयोग होतो. कुणी कितीही भांडलं तरी समोरच्याला वाटतं, बाबूजींना काही फरक पडत नाही. खरं सांगायचं तर मला सगळ्याच गोष्टींचा फरक पडतो. सरावात माझी सर्व्हिस जिथे म्हणाल तिथे पडते. पण सामना सुरू झाला, लोक गोळा झाले, की माझी जीभ कोरडी पडते, बोटं बधिर होतात, आणि बॉल हातात आला की तो हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा वाटतो. चेहरा मात्र दगडाचा. दादांनी तो चेहरा पाहिला, नाकपुड्या पाहिल्या आणि निकाल दिला, "जवाईबापू पार थंडे हायेत."

मग ते तेलाचा रिकामा पिपा घेऊन येऊ लागले. माझी सर्व्हिस आली की ते माझ्या मागे लाइनीजवळ उभे राहून पिपा बडवायचे आणि मोठ्या आवाजात माझे दोष सांगायचे. साहेबासमोर बोलता येत नाही. भाजीवाल्याशी भाव करायला बायकोला पुढे करतो. पावसात नाल्याला पूर आला तेव्हा सगळे पार झाले, हा मागे राहिला. यातलं काहीही खोटं नव्हतं, हीच अडचण होती. एकदा गुण अगदी बरोबरीला आले होते. पिपा वाजत होता, कॉलनी टाळ्या वाजवत होती. मी डोळे मिटून हात फिरवला. बॉल पुढे उभ्या असलेल्या बिसेनच्या डोक्यात मागून बसला. त्याच्या तोंडात मिरची होती. ती गिळली गेली. पुढचं वर्णन करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या खिडकीत येणारा प्रत्येक मजूर कार्ड देता देता माझ्या डोक्यापलीकडे बघून हसत होता.

मेश्राम एकदा मैदानावरून परतताना म्हणाला, "बाबूजी, दादाले सांगून टाका ना. तो पिपा मले चालते, तुम्हाले नाई चालत." बायको म्हणाली, दादा काय खाणार आहे का तुम्हाला? कुणालाच कळत नव्हतं की सांगायचं म्हणजे काय सांगायचं. मी थंड नाही एवढंच सांगून भागलं नसतं. लोक बघतात तेव्हा मला भीती वाटते, हे सांगावं लागलं असतं. पन्नाशीला आलेल्या जावयानं बायकोच्या थोरल्या भावाला हे सांगायचं? त्यापेक्षा पिपा बरा, असं मी स्वतःला समजावलं आणि सर्व्हिस नेटमध्ये घालत राहिलो.

मुलगी नागपूरला शारीरिक शिक्षणाचं शिकू लागली. सुटीत आली तेव्हा तिनं माझ्यासमोर कागदावर एक टेकडी काढली. म्हणाली, "बाबा, मामा एकदम सही बोलते हैं, आम्हाला हेच शिकवतात." टेकडीच्या एका पायथ्याशी झोपलेला खेळाडू, दुसऱ्या पायथ्याशी घाबरून गेलेला, आणि खेळ सगळ्यात चांगला होतो तो मध्ये, माथ्यावर. शिवाय प्रत्येक कामाची टेकडी वेगळी. स्मॅशला ताव जास्त लागतो, सर्व्हिससारख्या नाजूक कामाला कमी. दादा तिथेच बसले होते. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं की हे शोधायला सरकारनं कॉलेज काढलं का. मग बोट ठेवून म्हणाले, "आन् तुहे बाबा इथं." बोट झोपलेल्यावर होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ती माझी मुलगी आहे, तिला ठाऊक होतं. मी उठून पाणी प्यायला गेलो.

मग पट पुन्हा सुरू झाले. आता काठी चालत नाही, टोचणं चालत नाही, नियम कडक झाले. दादांना त्याचं काहीच वाटलं नाही, त्यांनी काठी कधी वापरलीच नव्हती. त्यांनी नवी जोडी घेतली आणि खरेदीच्या दिवशीच नावं ठेवून टाकली. उधळणाऱ्या दिसणाऱ्याचं नाव तुफान, गरीब चेहऱ्याच्याचं भोला. नावं ठेवण्यात घाई झाली होती, हे महिनाभरात कळलं. तुफानला उठवायला अर्धा तास लागायचा. भोला पान हललं तरी थरथरायचा. नावं बदलायची तर दादांना चूक कबूल करावी लागली असती, म्हणून ती तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा दादांसोबत पटाला गेलो, अगदी सुरुवातीच्या रेषेपर्यंत. तिथे मी जे पाहिलं ते मला अपेक्षित नव्हतं. तुफानच्या बाजूला पुतण्या पिपा बडवत होता. भोलाच्या बाजूला दादा होते, आणि दादांचा आवाज बंद होता. त्यांनी एक तळवा भोलाच्या वशिंडावर ठेवला होता आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते काहीतरी सांगत होते. मी जवळ सरकलो. मला वाटलं मंत्र असेल. दादा त्याला घरच्या बातम्या देत होते. मोठ्या बांधीतली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अजून घरी आणायची आहे. परसातल्या पोपटाच्या शेंगा भरल्या. काल म्हशीनं दूध कमी दिलं. धाकटीच्या पोराला दात येत आहेत. सगळं हळू, एका सुरात, घाई नसलेल्या माणसासारखं. भोलाचं थरथरणं थांबलं. दादा छकड्यावर चढले, झेंडी पडली आणि जोडी सुताच्या रेषेसारखी गेली.

घरी परतताना मी गाडीवर त्यांच्या मागे बसलो होतो. त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक बोलू शकलो. म्हटलं, "दादा, मी तुफान नाही. मी भोला आहे."

त्यांनी गाडी थांबवली, स्टँडवर लावली, मला खाली उतरवलं आणि संधिप्रकाशात माझ्या नाकपुड्या पुन्हा पाहिल्या.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आन् मी पिपा वाजवत राह्यलो," ते म्हणाले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. एवढी वर्षं एका जनावराला चुकीचा ताव दिला, याचं दुःख त्यांना इतकं झालं की घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. बायकोनं मला आत बोलावून विचारलं, तुम्ही दादाला काय बोललात?

पुढच्या सामन्याला ते पिपा न घेता आले. माझी सर्व्हिस आली तसे ते मागून जवळ आले आणि साऱ्या कॉलनीसमोर माझ्या पाठीवर वशिंड शोधू लागले. ते सापडेना, तेव्हा त्यांनी माझ्या मानेमागे तळवा ठेवला. तळवा जड होता, उबदार, शेणमातीनं खडबडीत. ते हळू आवाजात सांगू लागले की तणीस अर्धी भरून झाली, अर्धी राहिली, म्हैस आता बरी आहे, अन् तुमच्या सासूबाईंनी मुगाचे वडे घातले होते, तुमची आठवण काढली. पंचानं शिटी वाजवली आणि विचारलं की हे काय चाललंय. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाबूजीले जुंपून राह्यले का?" सगळे हसले. मी बॉल मारला. तो नेटवरून गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, रेषेच्या आत पडला. दुसराही गेला. तिसराही. मागून दादांचा आवाज आला, "बरोबर हाय."

तो सामना आम्ही जिंकलो. मेश्रामनं मला उचललं. मला मात्र सगळ्या गर्दीत खाणीतली ओळखीची तोंडं तेवढी दिसत होती. उद्या सकाळी हीच तोंडं खिडकीत येणार. सामना संपल्यावर मी दादांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी हे मैदानावर नको. आधीच, पाण्याच्या टाकीमागे करा. तिथे कुणी नसतं."

दादांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "भोल्यानं असं कधी म्हटलं नाई," ते म्हणाले. पण त्यांनी ऐकलं. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी आम्ही दोघं टाकीमागे जायचो. मी आधी डोकावून बघायचो कुणी आहे का, मग मान पुढे करायचो. तेवढा मोठा माणूस माझ्यासाठी चोरासारखा टाकीमागे उभा राहायचा आणि म्हशीच्या गोष्टी सांगायचा. कधी एका शब्दानं बोलला नाही.

यंदा संक्रांत झाल्यावर दादांनी घरात जाहीर केलं की हा शेवटचा पट. वय झालं, गुडघे ऐकत नाहीत, पुढच्या वर्षीपासून छकड्यावर पुतण्या चढेल. जिंकायची त्यांना पर्वा नव्हती. मला दोनतीनदा म्हणाले, "एकडाव सरळ पळवून उतराचं हाय, बस." गेल्या हंगामातली शेवटची धाव त्यांची वाकडी गेली होती, ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं. जोडी सरळ जावी आणि आपण आपल्या पायांनी उतरून चालत यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी मी रेषेवर भोलाच्या बाजूला उभा होतो. पुतण्या पलीकडे तुफानशी झटत होता. दादा छकड्यावर चढण्याआधी भोलाशी बोलायला आले. वशिंडावर हात ठेवला. तणीस भरून झाली, म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, तणीस भरून झाली. मग तिसऱ्यांदा तेच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तळवे धोतराला पुसत होते. ओठांवरून जीभ फिरवत होते. चेहरा नेहमीसारखाच, रुबाबदार, मिशांसकट. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. पण हा चेहरा मी आतून ओळखतो. या एका विषयात मला दादांपेक्षा जास्त कळतं. एवढी वर्षं साऱ्या जिल्ह्याचा ताव बघणाऱ्या या माणसाचा ताव कुणी पाहिलाच नव्हता, आणि तो बावडीच्या अगदी वरच्या पायरीला लागला होता.

"तोंड सुकून राह्यलं, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. आणि मान जराशी पुढे केली. मला तसं वाटलं. कदाचित ते जू बघायला वाकले असतील. नाही, मी पुन्हा पळवाट शोधतो आहे. त्यांनी मान पुढे केली होती.

मी हात उचलला. तेवढ्यात मला दोरीपलीकडची माणसं दिसली. खाणीतली सुटीवर आलेली पोरं होती, त्यांचे मोबाइल वर होते, आणि मागे व्यासपीठावर आमच्या ऑफिसातले दोघं पाहुणे म्हणून बसले होते. एका वयस्क माणसाच्या मानेवर हात ठेवून म्हशीची बातमी सांगणारे बाबूजी. उद्या सगळ्यांच्या मोबाइलवर. उचललेला हात मी माझ्याच मानेवर नेला आणि खाजवल्यासारखं केलं.

दादा छकड्यावर चढले. झेंडी पडली. दादांनी दोर आखडला, ते कधीच आखडत नाहीत. ताव दोरातून खाली उतरतो असं तेच सांगतात. भोलाला तो पोचला असणार. तो अर्ध्या धावेत बाजूला ओढू लागला. जोडी रेषा सोडून शेजारच्या कापणी झालेल्या धानाच्या बांधीत शिरली आणि छकड्याचं चाक धुऱ्याच्या मातीला अडून उभं राहिलं. कुणाला काही लागलं नाही. लोक हसले, जसे नेहमी हसतात. दादा उतरले, भोलाच्या तोंडावरचा फेस आपल्या दुपट्ट्यानं पुसला आणि मी धावत पोचलो तेव्हा म्हणाले, "भोल्याचं काई चुकलं नाई." मला काहीच म्हणाले नाहीत. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दादा पूर्वीसारखेच आहेत. मेश्रामचा शेजारी बदलून गेला, तर त्यांनी नव्या शेजाऱ्याची चौकशी सुरू केली आहे. आमच्या सामन्यांना येतात, खुर्ची घेतात, पंचालाही ताव सांगतात. फक्त छकड्याचा विषय निघाला की पाणी मागतात.

परवा मी गावी गेलो होतो. संध्याकाळी सामना होता म्हणून आम्ही दोघं त्यांच्या गाडीवर भरवेलीला निघालो. दादा दुसऱ्याच्या मागे बसत नाहीत, त्यामुळे ते पुढे, मी मागे. बालाघाट मागे पडलं. ऊन उतरलं होतं. त्यांच्या मानेवर दुपट्टा सैल झाला होता आणि पांढरे केस दिसत होते. काय झालं कोण जाणे, मी तळवा त्यांच्या मानेमागे ठेवला. आणि काय बोलायचं ते न सुचून म्हटलं, "गॅसचं सिलिंडर काल आलं, दादा. पोरीचा फोन होता, तिचे पेपर चांगले चाललेत. आमच्या गल्लीतला नळ अजून गळतोच."

गाडीचा वेग थोडा कमी झाला. समोरून खाणीची शिफ्ट सुटलेली माणसं येऊ लागली, काही सायकलींवर, काही मोटारसायकलींवर, डबे अडकवलेली, ओळखीची. एकानं "बाबूजी नमस्ते" म्हटलं आणि मान वळवून पाहत राहिला. माझे कान तापले. हात उचलावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण हात तिथेच राहिला, आणि मी नळाचंच पुढे सांगत राहिलो, कारण दुसरी बातमी आठवत नव्हती.

सगळी माणसं मागे गेल्यावर दादांनी मान न वळवता विचारलं, "आता काहून, जवाईबापू? आता कोठं धावाचं हाय?"

मी पुन्हा नळाच्याच बातमीवर आलो. गाडी मात्र अगदी सरळ चालली होती.